दोन ते आठ

भुसावळला आमच्याकडे थंडी म्हणजे
डिसेंबरातला एखादा आठवडा.
कूलरवर जुनी चादर टाकायची, झालं.
बाकी वर्षभर सूर्याशी भांडण:
खिशात कांदा, डोक्याला ओला पंचा,
रात्री गच्चीवर पाणी मारून
वाफ निवेपर्यंत
उशी काखेत धरून उभं राहायचं.

बर्फ मी दोनच ठिकाणी पाहिलेला.
गोळ्याच्या गाडीवर, भुशात लोळवलेला,
आणि नोकरी लागल्यावर, लशीच्या पेटीत.

मग ऑर्डर आली या पाड्याची.
मोलगीच्या वर, जीप जिथं हात टेकते
तिथून दीड तास चढण.
पेटी उचलणारा दित्या म्हणाला,
सिस्टर, जानेवारीत इथं पेंढा पांढरा होतो.
मी हसले.
त्याला वाटलं असेल, हिला कळलं.

पहिल्या रात्री मी होतं नव्हतं ते सगळं घातलं,
दोन पंजाबी ड्रेस, एकावर एक, वर युनिफॉर्म,
पायात मोजे, मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या.
सकाळी खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलेलं.
बादलीवर पापुद्रा.
बोटानं टोचला
तर बिबड्यासारखा तडकला.
मी दाराकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना,
आणि एक तुकडा तोंडात टाकला.
कसलीच चव नव्हती. दात मात्र दुपारपर्यंत दुखले.

लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची.
आठाची भीती मला पाठ होती:
एप्रिलात बसस्टँडवर पेटीवर स्वतःची सावली धरून
उभी राहिलेली बाई मी.
दोनाच्या खाली काय असतं
ते फक्त परीक्षेत लिहिलेलं.
गोठली की काही लशी मरतात,
बाटली तशीच दिसते.
त्या रात्री काटा अडीचवर आला
आणि मी अंगावरची शाल काढून
पेटीला गुंडाळली.
नंतर बराच वेळ
आम्ही दोघी एकमेकींच्या जिवावर.

जेरमीबाई सकाळी आली, शाल बघितली, मला बघितलं.
काही बोलली नाही.
संध्याकाळी मला तिच्या घरी नेलं,
मधोमध आग, भोवती माणसं, दोन शेळ्या, एक कोंबडी टोपलीखाली.
म्हणाली, पाठ आगीला दे.
पोट आपलं आपण सांभाळतं.
मी आजवर उलटं झोपत होते.

रेवलीला कळा लागल्या, पहाटेचे चार.
मुलगा. काट्यावर एक किलो आठशे.
माझ्याकडे पुस्तिका होती,
कमी वजनाचं बाळ, उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा,
चित्रासकट.
टॉर्च तोंडात धरून मी पान शोधेपर्यंत
जेरमीबाईनं बापाच्या शर्टाची बटणं सोडलेली.
खात्र्या भिंतीला टेकून बसला,
बाळ आत, वर घोंगडी,
नुसता मुठीएवढा टाळूचा केस बाहेर.
उजाडेपर्यंत तो माणूस खोकला नाही.
खोकला होता त्याला, मला माहीत होतं,
मीच गोळ्या दिलेल्या.

बाहेर आले तर
छपरं पांढरी, नागलीचे खुंट पांढरे,
कुडावर विसरलेला कुणाचा तरी टॉवेल
ताठ, फळीसारखा उभा.
माझी पावलं मागं वळून पाहिली,
काळी, ओळीनं, जणू कुणी शाईत पाय बुडवून गेलं.
ऊन खाली दरीत होतं, अजून चढायचं होतं त्याला.

रेंज एकाच खडकावर मिळते.
मायला फोन लावला.
"तठे बरफ पडस का वं?"
म्हटलं, पडत नाही, माय.
कुणाला न सांगता रात्री येऊन बसतो,
उन्हाचा पाय वाजला की उठून जातो.
ती म्हणाली, "मंग तुना बापनासारखाच शे."
आणि दोघी हसलो,
मी खडकावर, ती भुसावळला पंख्याखाली,
इतकं हसलो की माझ्या तोंडातून
वाफच वाफ.

मार्चात बाळ दोन किलो नऊशे भरलं.
मेमध्ये रजेवर घरी गेले, पारा शेहेचाळीस.
मायनं कूलर लावला, माझ्याकडे तोंड करून.
झोपेत केव्हा तरी
मी त्याच्याकडे पाठ केली.