साका

शेडच्या दारावर, आतल्या बाजूनं,
बाबांच्या पेन्सिलीतले आकडे आहेत.
तारीख, अंश, कधी पुढे एखादाच शब्द:
"गढूळ." "बरी." "फार बरी."
आणि एका डिसेंबरातल्या ओळीपुढे
"१०२०. घाई."

त्या वर्षी बाबा होबार्टच्या इस्पितळात होते
आणि रॉइस अकरा वर्षांचा.
बुडबुडे मंदावले, त्यानं ठरवलं, झाली.
एकट्यानं एकोणतीस बाटल्या भरल्या,
झाकणं ठोकली,
मला म्हणाला, बाबा खूश होतील बघ.
नवव्या रात्री पहिली फुटली.
तिच्या धक्क्यानं दुसरी, मग मोजता येईनात.
कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत.
एक काच अजून तुळईत रुतलेली आहे,
एक रॉइसच्या अंगठ्यात होती, तिची खूण उरली.
बाबा घरी आले, वास घेतला,
पेन्सिल मागितली.

आता जून. वर्षातले सगळ्यांत आखूड दिवस.
ह्युऑन नदीवरून धुकं फळबागेच्या तारांपर्यंत चढतं
आणि दुपार झाली तरी हलत नाही.
पिंपात तेवीस लिटर.
मी नळी भरते, काचेचा तरंगता दांडा तीत सोडते,
बोटानं जरा गरकन फिरवते
चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून,
डोळा रेषेला लावून वाचते:
१०१२.
काल १०१२. परवाही तेच.
तीन दिवस आकडा हलला नाही की भरा,
असं दुकानातला ब्रेट सांगतो,
असं डब्यावरही छापलेलं आहे.
बाटल्या तर धुऊन उपड्या घातल्या होत्या मी.

घोटभर चाखली. हिरवं सफरचंद.
या खोऱ्यात चाळीस हंगाम मी सफरचंदं पेट्यांत भरली,
ती चव मला कुणी शिकवायला नको.
बाजारात तिला भाव आहे.
पण बिअरमध्ये ती लागली
तर पोराचे दुधाचे दात अजून पडायचेत.

मग दार धुंडाळलं. पार खाली, बिजागरीपाशी,
कुठल्याशा जुलैतली ओळ:
"हलत नाही. झोपलंय का बघ."

झोपलंच होतं.
पिंप ओढत घरात आणलं, शेगडीच्या खोलीत,
जुन्या रगात गुंडाळलं,
कडेवर घेतल्यासारखं हलकेच डोलवलं.
रात्री दोनला उठले तेव्हा ऐकू आलं:
गुळुक.
बराच वेळ काही नाही.
गुळुक.
अंधारात उभी राहून मी पुढच्याची वाट पाहिली,
पाय गार पडले तरी.

१००९. मग १००८. मग १००८, १००८, १००८.
तळानं साका धरला,
वरचं असं निवळलं
की नळीआडून केटलीवरची अक्षरं वाचता आली.
बाटलीमागे साखरेचा एक खडा,
दीडही नाही.
सगळ्या काचेच्या, एकच प्लास्टिकची.
काच फुटेपर्यंत काही सांगत नाही;
प्लास्टिक दाबलं की बोलतं.

रविवारी रॉइस आला, बर्नीहून, चार तास गाडी हाकत.
त्रेसष्टाचा झालाय. कोटही न काढता म्हणाला,
"झाली का?"
मी ती प्लास्टिकची बाटली त्याच्या हातात दिली.
त्यानं खूणवाला अंगठा तिच्या पोटावर टेकवला,
दाबला.
थोडी आत गेली, थोडी नाही.
नाडी धरल्यासारखा तो तसाच उभा राहिला
आणि मला वाटलं, आता म्हणेल, चालतंय, उघड.

"आठवडाभर थांब," म्हणाला.

मग आम्ही चहा केला.
त्याची गाडी वळणाआड गेल्यावर
पेन्सिलीला टोक काढून मी दारावर लिहिलं:
"१००८. रॉइस म्हणतो, अजून नाही."