चौदा

सात नंबरला आक्काताई चौगुले,
अकराला आक्काताई चौगले.
दोघी साठीच्या पुढच्या, दोघींना साखर,
मधे फक्त एक उकार.
रात्रपाळीला ट्यूबलाइट फडफडत असताना
उकार किती बारीक होतो, ते मला विचारा.
म्हणून मी "तुम्ही चौगुलेच ना?" असं म्हणत नाही.
आजारी माणूस सिस्टरला कशालाही हो म्हणतं.
मी म्हणते, नाव सांगा, पूर्ण. गाव कुठलं?
"रोज त्येच इचारतीस की गं,
याद ऱ्हात न्हाई व्हय तुला?"
राहते, आक्का.
राहते म्हणूनच भीती वाटते.

सातवाली हुपरीची.
चाळीस वर्षं चांदीच्या पैंजणांना घुंगरं ओवली तिनं,
बोटांची टोकं अजून चिमटीतच असतात.
शनिवारी सुट्टी मिळाली.
मुलगा बिलाच्या रांगेत,
कॉटशी नातू, श्रेणिक, सातवीतला.
मी बाटली हातात घेतली :
ही खुळखुळ्यागत हलवायची नाही,
समईची वात वळता तशी तळहातात वळायची, हळू.
फ्रीज आहे का?
"हाय की. शेजारी."
शेजारचा फ्रीज आपल्या वेळेला उघडत नाही, आक्का.
डब्यात ठेवा, ओलं फडकं गुंडाळा, माठाला टेकवून.
हातपाय थरथरले, दरदरून घाम आला
तर कुणाची वाट बघू नका,
पाण्यात साखर, नाहीतर गुळाचा खडा.
"गूळ?" ती हसली, "आता गूळ खा म्हंतीस?"
तेवढ्यापुरता.

सकाळी एकदा, रात्री आठला एकदा,
जेवणाआधी अर्धा तास.
हे मी झोपेतही म्हणू शकते.
"रातीचं न्हाई जेवत मी."
का?
"दिस मावळल्यावर तोंडात काय घालत न्हाई आमी."
छापील कागदावर आठ.
आठला सुई, आणि पोटात सकाळपर्यंत काही नाही.
डॉक्टरांना वरून बोलावलं.
आठ खोडून त्यांनी पाच केले,
खाली सही केली,
जाता जाता म्हणाले, बरं झालं विचारलंत.
मी कुठं विचारलं होतं?
तिनंच सांगितलं.

मग मी म्हटलं, आता तुम्ही मला शिकवा.
"माझ्या डोळ्याला रेघ दिसत न्हाई,
ह्यो भरणार."
श्रेणिकनं कागद धरला.
माझ्या अक्षरातला आकडा, ठळक, १४.
इंग्रजी शाळेतलं पोरगं, खणखणीत वाचलं :
"नाइन्टी एट."

वॉर्डात कुणाचं तरी स्टीलचं झाकण पडलं.
मी कागद त्याच्या बाजूनं पाहिला.
एकाची मान नवासारखी,
चाराचं वेटोळं आठासारखं.
ज्या अक्षराला कागलच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं,
तेच हे अक्षर.
चाळीस रेघांच्या सिरिंजमधे अठ्ठ्याण्णव मावत नाहीत,
पण पोरगं हुशार आहे.
अडीच वेळा भरलं असतं.

मी अक्षरात लिहिलं : चौदा.
सिरिंजचं चित्र काढलं,
दहाची मोठी रेघ, पुढं चार बारक्या,
तिथं लाल पेननं बाण.
आक्का म्हणाली, "चौदा व्हय?
तसं सांगायचं की आदी.
बारक्या पोरीच्या पैंजणाला चौदाच घालतो आमी."
आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत
तिनं ती मोजून दाखवली,
एकेक, चौदाव्यावर थांबून.
श्रेणिकनं तीनदा भरलं, मी तीनदा ओतलं.
चौथ्यांदा मी काही बोलले नाही,
त्यानंच रेघेवर डोळा आणला.

ते गेले.
अकराच्या आक्काताईंनी मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं,
"चौगले. वडणगे. उकार न्हाई."
मी हसले, गोळी दिली, पाणी दिलं, सही केली.

सकाळी रंकाळा स्टँडवर
गगनबावड्याची गाडी लागली होती.
टपावर बोचकी, खिडकीत माणसं,
कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात घडी घातलेला पांढरा कागद.
आठ वर्षांत माझ्या हातचे
असे किती कागद
कुठल्या कुठल्या गावी गेले?
आणि तिथं
कुणी, मोठ्यानं,
काय वाचलं?