न बांधलेला धक्का

सेंट जॉन्स. मत्स्य खात्याचं तळघर,
हीटरला टेकलेलं मिस टिझर्डचं टेबल.
वरून फॉर्म आलाय: रोज किती माणसं येतात?
ती खरं लिहिते. दोन.
त्यातला एक छत्री विसरलेला.

पुढचा रकाना: खात्याचा फायदा, डॉलरमध्ये.
पेन्सिल कानामागे जाते.

गेल्या मार्चात पेली आला होता, इंजिनियर,
काखेत नकाशा, बूट ओले.
"या खाडीत धक्का बांधायचाय. उद्या सही."
ती काही बोलली नाही.
चौथ्या कपाटातून, खालून तिसरी,
कुणा बर्फ-निरीक्षकाची सत्तर वर्षांपूर्वीची वही काढून दिली,
पानांना अजून माशांच्या तेलाचा वास:
'वारा ईशान्येचा. बर्फ आत घुसला.
धक्का काडेपेटीसारखा चिरडला. दुसऱ्यांदा.'
'दुसऱ्यांदा'खाली रेघ.

पेली उभ्यानंच वाचत राहिला.
सही झाली नाही.

आता त्या खाडीत नुसतं पाणी,
चार सीगल.
पुरावा म्हणून याचा फोटो
जोडायचा तरी कसा?

मिस टिझर्ड रकान्यात लिहिते:
एक धक्का, न बांधलेला.
थांबते. खाली बारीक अक्षरात:
आणि एक, न बसलेला.

मग दोन्ही ओळी
शाईनं गिरवते.