मधलं गाव

ऑर्डर दिवाळीनंतर आली. शाखा घाटावर,
सिल्लेवानी चढून गेल्यावर, जिथं बँकेचा पंखा
म्हणे नोव्हेंबरातच जुन्या चादरीत गुंडाळतात.
एका बाजूनं शंभर किलोमीटर आणि वर थोडे.

मी खतावणीतली बाई. रात्री भांडी आवरल्यावर
वहीच्या मधोमध रेघ मारली.
डावीकडे झिंगाबाई टाकळी:
साचीची शाळा, हेमंतचं झेरॉक्सचं दुकान,
उधारी न लिहिता लक्षात ठेवणारा दूधवाला,
गच्चीवरून दिसणारी कोराडीची धुरांडी.
उजवीकडे लिहिलं, थंडी.
आणि पेन तिथंच थांबलं.

महिनाभर जाऊन येऊन पाहिलं.
साडेचारचा गजर, मानकापूर चौकात पाचची गाडी,
फुटक्या काचेला लावलेला बिस्किटाचा पुठ्ठा,
समोरून येणारे संत्र्यांचे ट्रक, तणसाचा वास.
सौंसर गेलं की बोलणारे गप्प होतात.
एके दिवशी घाटात काहीच दिसेना,
तेव्हा कंडक्टर डोमाजी खाली उतरले
आणि टॉर्च घेऊन गाडीच्या पुढं चालू लागले.
आम्ही चाळीस जण त्यांच्या मागं,
पाऊल पाऊल, बिनवाजंत्रीची वरात.
वर पोचल्यावर हात चोळत म्हणाले,
"काहून इतल्या दुरून येता, म्याडम?
सावनेरलोक धुकं कोनाचं तरी आयकते.
पुढं त्याले माय नाई ना बाप."

वर एक खोली पाहिली. पत्र्याचं छप्पर,
भिंतीवर मागच्या भाडेकरूच्या उंचीच्या खुणा,
म्हणजे त्याच्या मुलाच्या. वाढत गेलेल्या, मग थांबलेल्या.
"अकेली रहोगी?" मालकिणीनं विचारलं.
मी मराठीत उत्तर दिलं,
म्हणजे काहीच बोलले नाही.

सावनेरला जिनिंगच्या मागं निमजे काकांचं घर.
खिडकीच्या जाळीला कापसाचे तंतू,
नळ एक दिवसाआड, अंगणात तांब्याचा बंब.
काका म्हणाले, "लाकडं तुमची, बंब आमचा."
हेमंत म्हणाला, "मधे राहिलो तर
दोघांचंही अर्धंच होईल."
नाव हेमंत, आणि थंडी त्याला मुळीच सोसत नाही.
कानटोपी घालून झोपणारा माणूस.
मी म्हटलं, "आता तरी कुठं पुरं आहे?
रात्री नऊला घरी येते मी,
साचीचे पाय पांघरुणाबाहेर दिसतात
तेवढीच भेटते मला ती."

तो काही बोलला नाही.
सकाळी वही उघडली तर उजव्या बाजूला,
थंडीच्या खाली, त्याच्या तिरक्या अक्षरात:
*बंब.*

ताळा तरीही जुळला नाही. आम्ही सामान हलवलं.
साची नव्या शाळेत आठ दिवस रडली,
नवव्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली,
जिला आमचं नागपूर म्हणजे परदेश वाटतं.
दुकानाचं भाडं वाढलं. माझा गजर
साडेचारवरून पावणेसहावर आला.
सव्वा तास. बँकेत सव्वा टक्क्यावर
माणसं तासभर भांडतात, मला आता कळतं.

आता पहाटे हायवेवर
मी छिंदवाड्याच्या बाजूला उभी असते.
हेमंतची गाडी आठची. त्याला यायची गरज नाही.
तरी तो येतो, आणि माझ्या बाजूला न येता
पलीकडे, नागपूरच्या बाजूला उभा राहतो,
कारण तिथं चहाची टपरी आहे, असं म्हणतो.
मधून ट्रक जातात. ट्रक गेला की तो दिसतो,
मग नाही, मग पुन्हा दिसतो,
ग्लास वर करून विचारतो, घेतेस का?
रस्ता ओलांडेपर्यंत चहा निवणार, दोघांनाही माहीत आहे.

मी हो म्हणते.
उत्तरेकडून दोन पिवळे दिवे येतायत,
दक्षिणेकडून अजून काहीच नाही.
तो उजवीकडे पाहतो, डावीकडे पाहतो,
ग्लासावर हात धरतो, आणि निघतो.