कशासाठी, हा रकाना

एकतीस वर्षं मी या कॉलेजची व्हाउचरं लिहितेय.
बर्फ उपसायची फावडी, बारा.
बेडकं, जीवशास्त्राला, दोन पेट्या.
एका साली चॅपलच्या घंटेचा दोर,
कारण खारींनी कुरतडला, असं मी लिहिलं
आणि ऑडिटर वाचून हसत सुटला.
प्रत्येक व्हाउचरवर एक रकाना असतो: कशासाठी.
तो मी कधी रिकामा सोडला नाही.

काल आलं ते साडेबारा हजार डॉलरचं.
वक्त्याचं मानधन. शिवाय विमान, शिवाय
मिनिआपोलिसहून काळी गाडी, शिवाय
अमुकच कंपनीचं पाणी, आणि तेही गार नसलेलं.
खातं: विद्यार्थी उपक्रम शुल्क.

ते खातं मला तोंडपाठ आहे.
दर पोरामागे त्रेसष्ट डॉलर.
उबाह जिमाले ते तीन हप्त्यांत भरते.
तिचा बाप टर्कीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
तिच्या नोटा घडीवर घडी घातलेल्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या;
काउंटरवर ती एकेक उलगडते
आणि पावती हातात पडेपर्यंत हलत नाही.

आणि तो माणूस
(मी त्याचं भाषण ऐकलंय, दोनदा,
ऐकून न घेता नावं ठेवू नयेत, असं आई म्हणायची)
उबाहच्या बापासारख्यांना वाळवी म्हणतो.
घर आतून पोखरतात, म्हणतो.
मग थांबतो, टाळ्यांना जागा द्यायला.

म्हणजे हिशेब असा:
आपल्या बापाला वाळवी म्हणवून घ्यायचे
त्रेसष्ट डॉलर, तीन हप्त्यांत.
पावती माझ्या सहीची.

डीन हालवर्सन स्वतः खाली आले.
चांगला माणूस. माझा नवरा गेला तेव्हा
हॉटडिश घेऊन आला होता, भांडं अजून माझ्याकडेच आहे.
म्हणाले, लॉर्ना, प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे.
मी म्हटलं, आहेच की.
तळ्याकाठी बँडस्टँड आहे, कोर्टाच्या पायऱ्या आहेत,
बोलू दे, खुर्ची मी नेऊन देते.
बोलायला काय पैसे पडतात?
मग हे साडेबारा हजार कशाचे?

ते खिडकीबाहेर बघत राहिले,
गोठलेल्या तळ्यावर कुणाची तरी मासेमारीची झोपडी,
धूर सरळ वर.
म्हणाले, लिही ना, विचारमंथन.

मंथन.
मी गाईगुरांच्या घरातली, घुसळणं मला ठाऊक आहे.
खांदे भरून येतात तेव्हा कुठे बोटभर लोणी दिसतं.
एक माणूस येणार, तासभर बोलणार,
प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून मागणार,
मागच्या दाराने गाडीत बसणार.
यात रवी कुठली आणि ताक तरी कुठलं.

रकाना कोरा ठेवून मी कागद वर पाठवला.
दुपारी परत आला, पिवळी चिठ्ठी लावून.
पुन्हा पाठवला. पुन्हा आला.
तिसऱ्यांदा डीननीच लिहिलं होतं, निळ्या शाईत,
आणि शेवटचं अक्षर रकान्यात मावलं नव्हतं.

चेक निघेल. माझ्या नाही तर वरच्या सहीने.
पेन्शनला चौदा महिने उरलेत, मी खुळी नाही.

पण आज चार वाजता उबाह आली,
तिसरा हप्ता. घड्या उलगडल्या. एकवीस डॉलर.
तिला ठाऊक होतं. कॅन्टीनच्या दारावरसुद्धा फलक आहे,
त्याचा चेहरा आणि खाली आपली मोहर, ओकचं पान.
रडली नाही, भांडली नाही.
म्हणाली, पावतीवर लिहाल का, कशासाठी?

पावतीवर तसा रकाना नसतो.
मी ड्रॉवरमधून पट्टी काढली
आणि आखायला घेतला.