खुंट

तीस वर्षं आठवीला मी हा शब्द शिकवला.
बर्बर : रानटी, क्रूर, असंस्कृत.
गाळलेली जागा भरा, अर्धा गुण.
रफार विसरलेल्याचा
तो अर्धाही कापत आले.

निवृत्तीनंतरच्या ऑगस्टात
मोहाडीच्या आमच्या मळ्यात
रोपवाटिकेकडून एक माणूस आला
कलमं बघायला. ॲटलास डोंगरातला.
नाव इदिर. म्हणजे, जगेल तो.
आधीची चार गेली, म्हणून पाचव्याचं असं नाव.
मी म्हटलं, आमच्याकडे दगडू ठेवतात.
तो हसला, मोडक्या हिंदीत
दगडू, दगडू, असं दोनदा म्हणून पाहिलं.

भाच्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं,
पटकन बोलून गेला, "मावशी, हे बर्बर."
माझ्या बशीत चहा सांडला.

इदिरने बशी पुसली.
"ते नाव आमचं नाही.
ज्यांना आमचं बोलणं कळेना
त्यांच्या कानाला ते बर-बर वाटलं.
आम्ही म्हणतो इमाझिघेन. मोकळी माणसं."
माझा लाल पेन अजून
पर्सच्या आतल्या कप्प्यात होता.

रविवारी त्याला गंगेवर नेलं.
मुकुंद गायधनी गुरुजींनी सवयीने विचारलं,
कूळ? मूळ गाव? कुणाची वही काढू?

तो पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडून.
"आमचं मूळ ना, जो आला त्याने लिहिलं.
रोमचे आले, म्हणाले, इराणी फौजेतले उरलेले.
नंतर कुणी लिहिलं येमेनचे, कुणी कनानचे.
फ्रेंचांनी डोकी मोजली पट्टीने.
एक राणी होती, लढली,
तर ती चेटकीण.
आई म्हणायची, लोक कुठून कुठून येतात,
आपण घरीच होतो."

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले,
"आम्ही दुसऱ्याने सांगितलेलं उतरवत नाही.
माणूस स्वतः येतो, स्वतः सांगतो,
सही करतो. मग ते खरं."
आणि मागचं कोरं पान पुढे केलं.

त्याने एकच अक्षर काढलं.
मध्ये कणा, दोन हात वर, दोन पाय खाली.
गुरुजींनी शेजारी देवनागरीत लिहिलं : इदिर,
आणि गोत्राच्या जागी
बराच वेळ काहीच नाही.

सोमीबाई पेठहून येते बांधणीला.
ते अक्षर तिने त्याच्या वहीत पाहिलं,
हनुवटीवरचं गोंदण चाचपलं. "असंच कुणाचं?"
त्याच्या आईचं. कपाळापासून गळ्यापर्यंत.
म्हातारपणी कुणी म्हणालं, पाप आहे,
तर तिने चुना लावून खरवडलं.
गेलं नाही. जखम मात्र झाली.
सोमीबाई म्हणाली, "जायचं नाहीच ते.
वर जाताना तेवढंच येतं बरोबर."

दुष्काळात त्यांच्याकडे लाकडी पळीला
नवरी करतात, ओढणी घालून दारोदार फिरवतात.
पाऊस नवरा आहे, रुसलेला.
सोमीबाईने त्याला मग धोंडी सांगितली,
अंगभर कडुलिंब बांधलेला पोरगा, डोक्यावर पाणी.
भाषा कुठली चालली होती, मला नीटसं कळलं नाही.
मला ते बर-बर ऐकू आलं.

भाचा रांगेतून समजावत होता,
"खुंट जंगलीच लागतो.
खारं पाणी सोसतो, दगडात मूळ घालतो.
वरची जात काय, बाजार बदलला की बदलायची.
फक्त खुंटाला कोंब फुटू द्यायचा नाही.
फुटला की खुडायचा."

इदिर वाकून खुडत गेला,
हात सराईत, नखात हिरवं.
शेवटच्या ओळीत, कुंपणाजवळ,
एका खुंटापाशी थांबला.
कलमाच्या पट्टीखाली
बोटभर कोंब, तांबूस, उलट्या दिशेने निघालेला.
तसाच ठेवला. मातीने हात पुसले.

तो गेला त्याला आता महिना होईल.
कोंब वीतभर झालाय, वरच्याचं पाणी ओढतो.
भाच्याला अजून दिसलेला नाही.
मी रोज संध्याकाळी जाते तिकडे,
कात्री नेते,
परत आणते.