लोर्नाचं टेबल

लोर्ना ट्वेट आमदार झाली
आणि तिचं टेबल माझ्याकडे आलं.
खणात निघाले तीन खडू, दात पडलेला कंगवा,
पेट्रोलच्या पावत्या, रबरबँडात आवळलेल्या,
आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचं बंडल.

पिशव्या कशाला, ते पहिल्याच आठवड्यात कळलं.
मोंटानातली रात्र, उणे बावीस,
दारात पोलीस, आत आईचा आरडाओरडा,
आणि पोराला म्हणायचं, तुझं काय हवं ते घे, बाळा.
कशात घेणार?
मागच्या सीटवर पिशवीला बिलगून
पोर मैल दोन मैल गप्प बसतं. मग विचारतं,
आपण हे टाकायला चाललोय का?

एकवीस वर्षं लोर्ना नाही म्हणत राहिली.
मग एका मार्चमध्ये तिनं उमेदवारीचा अर्ज भरला.

दारं ठोठावायची तिला सवयच.
एकीनं दार किलकिलं केलं नि विचारलं,
आज कुणाला न्यायला आलीस?
मत, म्हणाली लोर्ना.
दार आपटलं.
एकशे बारा मतांनी निवडून आली,
त्यात ते होतं का, कोण सांगणार.

हेलेनात अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, नव्वद दिवस.
तिचं विधेयक चौदा ओळींचं:
सरकारनं उचललेल्या प्रत्येक मुलाला एक धड बॅग.
समितीत ऑरिन ड्रिस्कॉल, हजारभर गुरांचा धनी,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
बाई, चाकांची की बिनचाकांची?
सगळे हसले. लोर्नाही हसली, असं तिनंच सांगितलं.
मग विधेयक टेबलावर ठेवलं.
तिकडच्या भाषेत म्हणजे पुरलं.

रात्री तिचा फोन येतो.
मुलांची नावं मी सांगायची नाहीत, तिनं विचारायची नाहीत.
रस्ता कसाय, एवढंच विचारते.
बर्फ आहे, म्हणते मी.
मोज्यांचे दोन जोड जास्त ठेव, म्हणते ती,
आणि फोन ठेवत नाही.

फेब्रुवारीत एक पिकअप आला, जुन्या बॅगांनी भरलेला,
कुणाकुणाच्या माळ्यावरच्या.
एकीच्या चामड्यावर डागाची खूण,
ड्रिस्कॉलच्या गुरांवर असते तीच.
विरोधात मत दिलं होतं त्यानं.
चेनही नीट लागत नव्हती.

त्या रात्री नेमकी तीच हाताला लागली.
सात वर्षांचा मुलगा, नाव सांगायचं नाही.
दोन शर्ट ठेवले त्यानं, एक मोडका ट्रॅक्टर,
खुणेवरून बोट फिरवलं.
कुणाची आहे?
एका आमदाराची.
गाडीत बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
त्याला परत नाही का लागणार?